बायकांच्या वॉर्डातली चौकट

८ जानेवारी

प्रिय दादा,
सा. न.

घर झालं. चौसष्टाव्या वर्षी तुझी आतेबहीण घरमालकीण झाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक वऱ्हांडा, दुसऱ्या मजल्यावर. आधीच्या मालकाने जाताना दिवे काढून नेले ते एक वेळ समजू शकते, पण त्याने वऱ्हांड्याचं दारही चौकटीसकट उपटून नेलं. तिथे आता भिंतीला भगदाड आहे आणि मी त्यावर चादर टांगली आहे. वारा सुटला की चादर न बोलावलेल्या पाहुण्यासारखी पार स्वयंपाकघरापर्यंत येते.

फोन करणार होते. पण पन्नास वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी उभा राहून तू कान घालवून बसला आहेस. मागच्या वेळी मी विचारलं, मामी कशी आहे, तर तू म्हणालास, हो, पाऊस आहे. तेव्हा पत्रच बरं.

इथला सुतार नमुन्यांचं बाड घेऊन आला होता. भुश्याचे तक्ते आणि त्यांवर लाकडाच्या रेषांचा छापील कागद. मी म्हटलं, बाबा रे, चित्रातल्या विहिरीत मला पोहरा सोडायला सांगतोस का? तो रागावून गेला. मला तुझ्या वखारीतलं लाकूड हवं आहे, कुणाच्या तरी घरात आयुष्य काढलेलं. एक दार, त्याची चौकट, स्वयंपाकघरात दोन फळ्या आणि जमलं तर वऱ्हांड्यात बसायला एक बाक. घाई नाही. चादर आहे.

मामीला नमस्कार सांग. ओरडून सांग.

तुझी
छकू


१९ जानेवारी

चि. छकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. एकोणनव्वदाव्या वर्षी ती निम्मं ऐकते, निम्मं मनाने भरते. ती म्हणाली, “छकूचं लग्न ठरलं का?” मी म्हटलं, नाही, घर झालं. म्हणाली, “ते जास्त टिकतं.”

भगदाडाची मापं पाठव. रुंदी तीन ठिकाणी मोज, वर, मध्ये आणि खाली. भिंत सरळ आहे असं फक्त घरमालकिणीला वाटतं.

जुनं लाकूड मागितलंस हे चांगलं केलंस. त्याचं फुगणं-आकसणं काय ते होऊन गेलेलं असतं. फक्त पोटात खिळे असतात. एखादा नजरेतून सुटला तर रंध्याचं पातं गेलंच. म्हणून मी आधी तळहात फिरवतो, मग चुंबक आणि शेवटी रंधा. आता हात थोडा थरथरतो, पण खिळा अजून त्यालाच आधी कळतो.

सध्या एक मोठी सरकारी इमारत उतरवायचं काम घेतलं आहे. लाकूड पुष्कळ निघेल, पण ते तुझ्यासाठी नको. एका शाळेच्या बाकांचं सागवान बाजूला ठेवलं आहे. सदतीस वर्षं भूगोल शिकवलास, तुला तेच शोभेल.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सा. न.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. भिंत खरंच सरळ नाही, वर पाऊण इंच जास्त आहे. हसू नकोस.

काल पेपरात एक फोटो पाहिला. टेकडीवरचं छातीच्या रोग्यांचं जुनं इस्पितळ उतरवतायत. फोटोत कौलांवर माणसं आहेत आणि खाली तुझा तो टोपीवाला मुकादम कमरेवर हात ठेवून उभा आहे. तुझी “मोठी सरकारी इमारत” ती हीच ना? मला वाईट वाटेल म्हणून नाव टाळलंस. दादा, मी आता तेवढी कोवळी राहिलेली नाही.

वडील मी जन्मायच्या आधीच गेले, त्यांची मला आठवणच नाही. आईची आहे, पण ती घरातली. आपल्या माजघरात खाटेवर बसून मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची आणि खोकला आला की तोंड भिंतीकडे करायची. मग मामा तिला टेकडीवर घेऊन गेला. चार महिन्यांनी एकटाच परत आला आणि पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून मला म्हणाला, “छकू, आई गेली.” मी पाच वर्षांची होते. त्यानंतर मी तिची वाट बघत पायरीवर बसणं सोडलं.

तिने ते चार महिने कसे काढले, मला काहीच ठाऊक नाही. आता ती इमारतच राहणार नसेल तर मला तिथलं दार दे. बायकांच्या वॉर्डातलं. शाळेची बाकं मी सदतीस वर्षं पाहिली, पुरे झाली.

छकू


१३ फेब्रुवारी

चि. छकूस,
आशीर्वाद.

हो, इमारत तीच.

पण तिथलं लाकूड घरात घेण्यासारखं नाही. रंगाचे थर चढलेत, औषधांचा वास मुरला आहे आणि बायकांच्या वॉर्डाच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या आहेत. उचलल्या की भुगा पडतो. तुला असलं दिलं तर माझी वखार बदनाम होईल.

शाळेच्या सागवानाचं दार करायला घेतो. वर गोल कमान करू का? तुझ्या वाकड्या भिंतीला ती सांभाळून घेईल.

आई बरी आहे.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

आपण एका घरात वाढलो. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी डब्यातला गूळ खाऊन “मी नाही” म्हणायचास तेव्हाही तू आधी खिडकीकडे बघायचास. हे पत्र लिहिताना कितीदा खिडकीकडे बघितलंस?

मापं मिळाली की नाही यावर एक अक्षर नाही. आईबद्दल मी पानभर लिहिलं, त्यावरही नाही. आणि वाळवी! टेकडीवरच्या, दगडी जोत्याच्या कोरड्या इमारतीतलं सागवान वाळवीने खाल्लं असं तू दुसऱ्या कुणाला सांग. तूच मला शिकवलंस की वाळवीला ओल लागते.

तुला द्यायचं नसेल तर तसं म्हण. मी कारण विचारीन, पण निदान कमान नको म्हणायची वेळ येणार नाही. महिनाभर वाट पाहीन, नाही तर मी स्वतः येऊन वखारीत बसेन.

छकू


१२ मार्च

चि. छकूस,

येऊ नकोस. आधी हे वाच, मग यायचं की नाही ते ठरव.

वाळवी नाही. चौकट उत्तम आहे. तुझं दुसरं पत्र यायच्या आधीच मी ती वखारीत आणून ठेवली होती. पंधरा जानेवारीला मी तिचा रंग खरवडायला घेतला होता. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा. डाव्या खांबाच्या आतल्या अंगाला हिरव्याखाली बोटाला रेघा लागल्या. वाटलं, कुणी चाकूने खरवडलं असेल. दिवा जवळ आणला. आडव्या रेघा आहेत, एकीच्या वर एक, केसांच्या आकड्याने कोरल्यासारख्या. प्रत्येक रेघेशेजारी अक्षरं आहेत. सगळ्यांत खाली ‘छकू ६’. त्याच्या वर ‘छकू ७’. मग आठ, नऊ, दहा. असं तेरापर्यंत.

छकू, आत्या चार महिन्यांत गेली नाही. ती साडेआठ वर्षं जगली. तू तेरा वर्षांची असताना त्या हिवाळ्यात गेली.

मला हे चौकटीमुळे कळलं नाही. मला तेव्हापासून ठाऊक आहे. बाबा दर महिन्याला “लाकूड बघायला” जायचे ते टेकडीवर जायचे. वर्षातून एकदा, तुझ्या वाढदिवसाच्या सुमारास, सामान उचलायला मला बरोबर न्यायचे. वऱ्हांड्याला कठडा होता. आम्ही कठड्याच्या बाहेर बाकावर आणि ती दारात. पहिल्या वेळी परत येताना बाबांनी मला खाली बसवून सांगितलं, छकूला हे कधी कळता कामा नये. मी बारा वर्षांचा होतो. मी हो म्हटलं आणि ते हो अट्ठावन्न वर्षं ओढत आणलं.

बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, “तू सांग तिला. माझ्याच्याने झालं नाही.” मी मान हलवली. त्यालाही आता सतरा वर्षं झाली. सुरुवातीला तुझी परीक्षांची धांदल असायची, मग तुझं ऑपरेशन झालं, मग वाटलं आता कशाला. कारणं शोधायला गेलं की ढीगभर सापडतात.

त्या दिवशी मी रंधा हातात घेतला होता हेही सांगतो. आठ-दहा हात मारले असते तर सगळं साफ झालं असतं, आणि तू मागितलेलं दार तुला गुळगुळीत करून देता आलं असतं. मी रंधा परत ठेवला. त्यानंतर त्या चौकटीला हात लावलेला नाही.

दादा


१ एप्रिल

चि. छकूस,

उत्तर नाही. त्यात तुझी चूक नाही.

चौकट गोणपाटात गुंडाळून भिंतीला उभी आहे. कामगार विचारतात, हिचं काय करायचं. मी म्हणतो, राहू दे.

आई मागच्या गुरुवारपासून गप्प आहे. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही. तू बरी आहेस एवढं तरी कळव. एका ओळीचं पत्र चालेल. कोरं पाकीट आलं तरी चालेल.

दादा


१८ एप्रिल

दादा,

मामी गप्प आहे कारण त्या गुरुवारी मी येऊन गेले. तू टेकडीवर कामाला गेला होतास, मुद्दाम तोच दिवस निवडला. मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. मामीला शपथ घालून आले की दादाला सांगू नकोस. आपल्या घराला ही सवय आहेच.

तिच्या कानाशी तोंड नेऊन मी विचारलं, “मामी, आई जिवंत होती?” तिने माझा हात धरून मला जवळ ओढलं. मग म्हणाली, “सांगितलं का त्याने? बरं झालं बाई. मी आता जायला मोकळी.”

तिने सांगितलं ते तुला ठाऊक असेल, नसेल. मामाचं म्हणणं नव्हतंच ते. आईचं होतं. चौथ्या महिन्यात मामा तिला म्हणाला, पोर पायरीवरून हलत नाही, जेवत नाही, रोज विचारते आज येणार का. तेव्हा आई म्हणाली, “मी काही इथून उठत नाही. मेले म्हणून सांगून टाक. एकदाच रडेल.” मामा तिच्याशी भांडला, दोन दिवस जेवला नाही आणि मग येऊन पिंपाजवळ उभा राहिला. तिसऱ्या वर्षी त्याने परत विषय काढला. ती म्हणाली, “रडून झालंय तिचं. आता दुसऱ्यांदा रडवायचं का?”

मामीने आणखीही एक कारण सांगितलं. आईला तो रोग आहे असं कळलं तर माझं लग्न जमणार नाही. मग दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मामीलाच आधी हसू आलं, मग मला. हसता हसता ती रडायला लागली आणि मी तिचे डोळे पुसले. मला मात्र रडू आलं नाही. ते घरी आल्यावर आलं.

आता माझं ऐक. चौथीत आमची सहल त्या टेकडीखालून गेली होती. बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी नाक दाबा, वर खोकल्याचं इस्पितळ आहे. सगळ्या बसने नाक दाबलं. मीही दाबलं. दादा, वर ती होती. माझ्या डोक्यावर, त्या चौकटीत, कदाचित बसकडे बघत. आणि मी नाक दाबून मैत्रिणीकडे बघून हसत होते.

हे मी कुणाकडून भरून घेऊ? मामाकडून? तो गेला. आईकडून? तिने माझ्यासाठीच केलं म्हणे. एकदाच रडेल! मला कुणी विचारलं होतं का? मी आठ वर्षं रोज रडले असते, पण महिन्यातून एकदा कठड्यापलीकडे उभी राहिले असते.

आणि तू. तू सामान उचलून जायचास आणि संध्याकाळी येऊन माझ्याशी सागरगोटे खेळायचास.

चौकट पाठव. त्यावर काही करू नकोस.

छकू


३ मे

चि. छकूस,

आज चौकट रवाना केली. दोन्ही खांब, वरची पट्टी आणि तिचाच उंबरठा. उंबरठा मुद्दाम पाठवला आहे. तो खाली जसाच्या तसा बसला तरच रेघा जमिनीपासून त्यांच्या मूळ उंचीवर राहतील. डावा खांब डावीकडेच बसवायचा, आतल्या अंगाला तशी खडूची खूण आहे. गवंड्याला सांग, भिंत पाऊण इंच वाकडी आहे ती सिमेंटने भरून घे, लाकूड तासू नकोस. रंग नको, चकचकीत पॉलिश नको. वर्षातून एकदा फडक्याने जवसाचं तेल दे, फक्त रेघांवर फडकं दाबू नकोस.

दार दुसऱ्या लाकडाचं केलं आहे. मूळचं मिळालं नाही.

सागरगोट्यांचं लिहिलंस ते खरं आहे. टेकडीवरून आलं की मला तुझ्याशी खेळायची घाई व्हायची. मी मुद्दाम हरायचो. त्याने माझं काही हलकं व्हायचं नाही, पण मला दुसरं काही सुचायचं नाही.

माफी मागावी एवढं माझं तोंड नाही. तू बोलशील ते ऐकून घ्यायला मी आहे. मोठ्याने बोललीस तर.

दादा


२७ मे

प्रिय दादा,
सा. न.

चौकट बसली. गवंडी चांगला निघाला. रेघा बघून त्याने विचारलं, पोरांच्या का? मी म्हटलं, माझ्या. त्यानंतर तो त्या खांबाला हात धुऊन हात लावत होता.

पहिले चार दिवस मी त्या बाजूला गेलेच नाही. पाचव्या दिवशी स्टूल घेऊन समोर बसले. अक्षर तिचंच आहे. पाटीवर गिरवून घ्यायची तेव्हाही ‘छ’ची गाठ अशीच मोठी काढायची. आठाच्या रेघेला केसांचा आकडा घसरलेला दिसतो. अकराशेजारी तिने काही तरी लिहून खोडलं आहे, मी भिंगाने बघितलं, वाचता येत नाही.

राग आहे. तो जाईल असं मी तुला सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. पण सकाळचा चहा मी आता तिथेच घेते, उंबरठ्यावर बसून.

एक विचारायचं आहे. खालच्या घरातली पोर सहा वर्षांची आहे. काल तिला मी चौकटीला पाठ लावून उभी केली. सहाची रेघ बरोब्बर तिच्या डोक्यावर आली. मग मी स्वतः उभी राहिले. दादा, तेराची रेघ माझ्या डोक्याच्या चार बोटं वर आहे! आजच्या माझ्या. मामी म्हणते मी उंचीने हुबेहूब आईएवढी, म्हणजे ती रेघ आईच्याही डोक्याच्या वर. सातापासून पुढच्या सगळ्याच रेघा उंच उंच होत गेल्यात.

तिने मला पाचव्या वर्षानंतर बघितलं नाही. मनाने ठरवत होती म्हणावं, तर सहाची एवढी अचूक कशी? तुला काही ठाऊक आहे का? आणि खिडकीकडे न बघता लिही.

तुझी
छकू


७ जून

चि. छकूस,
अनेक आशीर्वाद.

ठाऊक आहे. ते माझ्यामुळे झालं.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा आत्याने दारातून विचारलं, “छकू केवढी झाली रे?” मी उठलो आणि माझ्या छातीशी आडवा हात धरला. तुला आदल्या दिवशीच शेजारी उभं बघितलं होतं, त्यामुळे हात बरोबर होता. तिने हाताकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढीच?” आणि तिचं तोंड इतकं उतरलं की बाबांनी मान खाली घातली. पोर जेवत नाही हेच तिच्या डोक्यात असणार.

पुढच्या वर्षी मी हात तीन बोटं वर धरला. ती खुलली. तिने आतल्या परिचारिकेला हाक मारून माझा हात दाखवला, “बघा, भाचा सांगतोय, केवढी वाढली.” एकदा वर नेलेला हात मला खाली आणता येईना. दर वर्षी तिला तेवढं हवं असायचं आणि दर वर्षी मी देत गेलो. माझी स्वतःची उंची वाढत होती, तिचा अंदाज मला घेता येत नव्हता, पण मी तो घेतही नव्हतो. तिचा चेहरा खुलला की हात थांबवायचा, एवढंच माझं माप. बाबांना कळत होतं. ते कधी काही बोलले नाहीत.

शेवटच्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. काय करतोय हे समजायचं वय होतं. ती फार वाळली होती. दारात उभी राहायला चौकट धरावी लागत होती. तिने विचारलं आणि मी हात माझ्या हनुवटीशी धरला. तिने आपला तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिला, मग माझ्या हाताकडे, मग पुन्हा स्वतःकडे.

“म्हणजे माझ्यापेक्षा उंच?”

“हो आत्या, तुझ्यापेक्षा उंच.”

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली, आणि खोकला थांबल्यावर परत हसली. म्हणाली, “अगं बाई, आता मला वर बघून बोलावं लागेल तिच्याशी.”

मग केसांतून काही काढलं, आमच्याकडे पाठ केली आणि एका हाताने चौकट धरून चवड्यांवर उभी राहिली. बराच वेळ तशीच होती. मला वाटलं, दम घेतेय.

तुझा
दादा